वलंदेजांना ‘प्लीज’ म्हणताना

नेदरलँड्समध्ये डच बोलण्याचा पहिला प्रयत्न करणाऱ्या परक्या माणसाला उत्तर हमखास इंग्रजीत मिळतं. आपण रात्रभर घोकून, घसा खरवडून ‘एक कॉफी द्या’ एवढं वाक्य जुळवावं, आणि काउंटरपलीकडच्या पोरानं अस्खलित इंग्रजीत ‘दूध घालून की बिनदुधाची?’ असं विचारून सगळी तपश्चर्या पाण्यात घालवावी. यात त्याचा उर्मटपणा नसतो. समोरच्याचे हाल लवकर संपावेत, ही भूतदया असते. इथे टीव्हीवरचे इंग्रजी सिनेमे आणि मालिका डच आवाजात ऐकवत नाहीत. लहान मुलांचे कार्यक्रम सोडले तर सगळं मूळ इंग्रजीत चालतं आणि खाली डच अक्षरं पळतात. शेजारच्या जर्मनीत तोच नायक जर्मन बोलतो. त्यामुळे डच मूल शाळेत जाण्याआधीच निम्मं हॉलिवूड कानावरून गेलेलं असतं.

मग डच शिकायचं कशाला? तर ऑफिसातली मीटिंग इंग्रजीत होते, पण मीटिंगनंतरचं हसणं डचमध्ये होतं. पोराच्या शाळेची पत्रं डच, नगरपालिकेची पत्रं डच, आणि ‘तुमची कचऱ्याची पिशवी चुकीच्या दिवशी बाहेर आली’ ही शेजारणीची चिठ्ठी तर फारच डच. शिवाय पुढे नागरिकत्व हवं असेल तर परीक्षा आहेच. तेव्हा आइंडहोवन, अॅम्स्टेलवेनकडची आपली सॉफ्टवेअरवाली मंडळी संध्याकाळी दप्तर घेऊन वर्गात बसतात. पुस्तकात डाव्या बाजूला इंग्रजी वाक्य, उजव्या बाजूला डच. मराठी माणूस डोक्यात मराठीत बोलतो, ते इंग्रजीत नेतो, तिथून डचमध्ये उतरवतो. एवढा प्रवास करून वाक्य पोहोचेपर्यंत दुकान बंद झालेलं असतं. कारण बरीचशी दुकानं इथे सहाला बंद होतात.

माझं म्हणणं असं, की ही मधली इंग्रजी काढून टाकली तर निम्मी शिकवणी वाचेल. सतराव्या शतकात वेंगुर्ल्याला डचांची वखार होती. आपण त्यांना वलंदेज म्हणायचो. त्या काळी वेंगुर्ल्याच्या बाजारात त्यांच्याशी जे काही बोलणं झालं असेल, ते ‘एक्स्क्यूज मी’शिवायच झालं असणार, आणि कुणाचं काही अडलं नाही.

‘प्लीज’चंच बघा. पुस्तक म्हणतं, प्लीज म्हणजे ‘अल्स्टुब्लीफ्त’; म्हणजे ‘आपली मर्जी असेल तर’. शब्द खरा आहे, पण बाजारात हिंडलात की दिसतं, मागणाऱ्याइतकाच तो देणाराही वापरतो. पावाची पिशवी पुढे सरकवताना ‘अल्स्टुब्लीफ्त’, सुटे पैसे हातावर ठेवताना ‘अल्स्टुब्लीफ्त’. इंग्रजीतून आलेला माणूस चक्रावतो: पैसे हाच देतोय आणि वर विनंतीही हाच करतोय? मराठीतून आलेल्याला काही वाटत नाही. ‘हं, घ्या!’ एवढाच तो मामला आहे.

खरी विनंती डच माणूस करतो ती ‘एव्हन’ या शब्दानं. दार लावतोस का एव्हन, मी एव्हन बघून येतो, एव्हन थांबा. कोशात याचा अर्थ ‘थोडा वेळ’ असा दिलेला आहे, आणि इंग्रजी वाटेनं येणारे विद्यार्थी तिथे घड्याळ लावून बसतात. आपल्याला तसं करायची गरज नाही, कारण हा आपला ‘जरा’ आहे. ‘जरा ते कपाट सरकव’ असं म्हणताना आपल्याला कपाट किंचितसंच सरकायला नको असतं. कपाट चांगलं चार फूट सरकायला हवं असतं. किंचित करायचा असतो तो हुकूम. मराठीत ‘कृपया’ हा शब्द फक्त स्टेशनवरच्या घोषणेत आणि बागेतल्या पाटीवर असतो. जेवताना कुणी आईला ‘कृपया भाजी वाढ’ म्हणालं तर आई कपाळाला हात लावून ताप बघेल. पण ‘जरा भाजी वाढ ना गं’ यात जेवढी विनवणी आहे, तेवढी इंग्रजांच्या चार प्लीजमध्ये मिळून नाही.

डच भाषेत या ‘एव्हन’ची भावंडं भरपूर आहेत. होर, तोख, मार, दान, एन्स, नाउ. कोशात एकाचाही धड अर्थ सापडत नाही आणि त्यांच्याशिवाय वाक्य बोललं की माणूस एकदम पोलिसी वाटतो. डच शिकवणाऱ्यांचं एक आवडतं वाक्य आहे: ‘खेफ हेत बुक दान नू तोख मार एव्हन हीर.’ इंग्रजीत आणायला गेलं तर ‘पुस्तक इथे दे’ एवढंच हातात उरतं. बाकीचे शब्द गाळणीत राहतात. मराठीत बघा: ‘मग आता दे तर खरं ते पुस्तक जरा एकदाचं इकडे!’ एकही शब्द सांडला नाही. ‘या होर’ म्हणजे ‘हो हं’. वाक्याच्या शेवटी लावलेला ‘तोख?’ म्हणजे ‘ना?’ बाहेर पडताना बाई ‘दाख होर!’ म्हणतात, म्हणजे ‘येते हं!’ वर्गातले इंग्रज, अमेरिकन विद्यार्थी या शब्दांपुढे हात टेकतात, आणि मागच्या बाकावरचा सांगलीचा पोरगा आयुष्यात पहिल्यांदा भाषेच्या तासाला पहिला येतो.

यातलं एक मात्र जपून. हल्लीचे डच लोक बोलता बोलता दर दोन वाक्यांआड ‘झेख मार’ म्हणतात. ‘म्हणजे कसं’, ‘असं म्हण हवं तर’ या अर्थाचं ते पालुपद आहे. इंग्रजी पोरं ‘लाइक’ म्हणतात त्यातलंच. इतकं बोकाळलेलं, की पॉलिन कॉर्नेलिसे या लेखिकेच्या २००९ साली आलेल्या आणि धो धो खपलेल्या भाषाविषयक विनोदी पुस्तकाच्या नावातच ते आहे. पण मराठी कानाला ते कसं ऐकू येतं हे सांगायला नको. मॅनेजर गंभीर चेहऱ्यानं म्हणतो, ‘या प्रोजेक्टला, झेख मार, अजून दोन महिने लागतील,’ आणि टीममधले दोन मराठी इंजिनिअर एकमेकांकडे बघायचं टाळतात.

पाहुणचारात मात्र मराठीपणा नडतो. कुणी ‘कॉफी?’ विचारलं आणि तुम्ही सभ्यपणे नुसतं ‘डांक उ’ म्हणालात, तर कॉफी येण्याची खात्री नाही. देऊ केलेल्या गोष्टीला नुसते आभार म्हणजे नकार, असा इथला जुना रिवाज आहे. हवी असेल तर ‘खराख’ म्हणायचं, म्हणजे ‘आनंदानं’. आपली रीत वेगळी. आपण पहिल्यांदा ‘नको’ म्हणतो ते वळण म्हणून, दुसऱ्यांदा म्हणतो ते यजमानाची परीक्षा म्हणून, आणि तिसऱ्यांदा ‘बरं, अर्धा कप’ म्हणून पूर्ण कप घेतो. डच यजमानीण बिस्किटांचा डबा उघडते, पुढे करते, तुम्ही ‘नको’ म्हणता, डबा बंद होतो. झाकणाचा आवाज येतो आणि विषय संपतो. ‘घ्या हो, लाजताय काय’ हे वाक्य त्या झाकणाखाली कायमचं राहतं. पहिल्या फेरीतच एक उचला. दुसरं बिस्कीट दुसऱ्या कपाबरोबर, तेही दुसरा कप आला तर.

इंग्रजीतला ‘यू’ हा फार आळशी शब्द आहे. राजापासून रिक्षावाल्यापर्यंत एकच. डचमध्ये ‘यै’ आणि ‘उ’ असे दोन आहेत, म्हणजे आपले तू आणि तुम्ही. सिनेमाची डच अक्षरं लिहिणाऱ्याला इंग्रज विचारही करत नाही ते ठरवावं लागतं: पहिल्या अर्ध्या तासात नायक नायिकेला ‘उ’ म्हणतोय, तर ‘यै’वर नेमकं कधी यायचं? पावसात भिजल्यावर, भांडण झाल्यावर, की पहिल्या चुंबनानंतर? मराठी सिनेमाला हा प्रश्न कळतो. आपल्याकडे ‘अहो’चं ‘अरे’ झालं की मध्यंतर होतं. डचांनी यासाठी फ्रेंचांकडून एक क्रियापदही आणून ठेवलंय, ‘ट्युट्वायेरन’, म्हणजे यै-यै करणे. वर्गात इंग्रजीतून याची व्याख्या सांगायला अख्खी ओळ लागते. मराठीत ते ‘अरेतुरे करणे’ आहे. अर्थात आपल्याकडे अरेतुरे केल्याबद्दल भांडण होतं, आणि इथे कंपनीचा डायरेक्टर पहिल्याच दिवशी ‘मला अरेतुरे कर, माझं नाव यान’ असं बजावतो. नव्यानं आलेल्या मराठी इंजिनिअरच्या तोंडून नुसतं ‘यान’ निघत नाही. काही दिवस तो ‘यान सर’ म्हणतो, मग कुणाचंच नाव न घेता खाकरून लक्ष वेधायला शिकतो. आणि आदराची परिसीमा म्हणून ज्यांना ‘आपण’ वापरायची सवय आहे, त्यांनी ती जरा आवरावी. डचमध्ये ‘आप’ म्हणजे माकड आणि ‘आपन’ म्हणजे माकडं.

‘सॉरी’ हा तर इंग्रजांचा मीठमसाला, सगळ्यात घालतात. डचमध्ये त्याची खातेफोड करावी लागते. ट्राममध्ये धक्का लागला तर ‘सॉरी’ चालतं, तो शब्द त्यांनी उचललेला आहे. वाट हवी असेल तर ‘पार्डोन’. खरोखर वाईट वाटत असेल तर ‘हेत स्पैत मे’. दुसऱ्याचं काही बिघडलं असेल तर ‘वाट फेरफेलन्ट’, म्हणजे ‘काय हा ताप!’ तिकिटं संपली असतील तर ‘हेलास’, आणि वर यमक जुळवायची हौस असेल तर ‘हेलास, पिंडाकास’. पिंडाकास म्हणजे पीनट बटर. शब्दशः ‘शेंगदाण्याचं चीज’, कारण लोणी हा शब्द फक्त खऱ्या लोण्यालाच लावायचा असा कायदा होता म्हणे. तर तुमची गाडी चुकली, मुलाखत बुडाली, क्रिकेटचं तिकीट हुकलं, की डच मित्र सांत्वन करतो, ‘अरेरे, शेंगदाण्याचं चीज!’ यावर काय बोलायचं हे कुठल्याच पुस्तकात दिलेलं नाही.

आणि कुणी गेलं असेल तर ‘खेकोंडोलेर्ट’. इथे आमच्या शिकवणाऱ्या बाई आवाज खाली आणतात. कारण वाढदिवसाला म्हणायचा शब्द आहे ‘खेफेलिसिटेर्ट’, दोन्ही लांबलचक, दोन्हींची सुरुवात एकाच खरखरीत ‘खे’नं, आणि शेवट एकाच ‘एर्ट’नं. बरं, प्रसंगावरून ओळखावं म्हटलं तर दोन्हीकडे कॉफी असते आणि दोन्हीकडे केक असतो. अंत्यविधीनंतर कॉफी आणि साध्या केकची एक कापी, हा इथला ठरलेला पाहुणचार. वाढदिवसाला सगळे भिंतीकडेनं गोल खुर्च्या मांडून बसतात, आणि आत शिरलेल्या माणसानं उत्सवमूर्तीचंच नव्हे तर तिच्या आईचं, नवऱ्याचं, भावाचं आणि शेजारणीचंही अभिनंदन करायचं असतं: ‘तुमच्या शेजारणीबद्दल अभिनंदन.’ खोलीभर फिरून प्रत्येकाचा हात हातात घेऊन हे करावं लागतं. तिकडे अंत्यविधीलाही प्रत्येकाचा हात हातात घेऊन, ‘तुमच्या आईबद्दल...’ एवढंच म्हणून पुढचा शब्द नीट आठवायचा. आमच्या ओळखीतले एक सावध गृहस्थ दोन्ही ठिकाणी फक्त ‘खे’ एवढंच स्पष्ट म्हणतात, पुढचं पुटपुटतात, आणि चेहरा प्रसंगाप्रमाणे ठेवतात. त्यांचं आजवर काही बिघडलेलं नाही.

‘गुड लक’लाही अशाच दोन वाटा आहेत. परीक्षेला निघालेल्याला ‘सुक्सेस’, दातांच्या डॉक्टरकडे निघालेल्याला ‘स्टेर्क्ते’, म्हणजे ‘बळ येवो’. मुलाखतीला निघालेल्या माणसाला चुकून ‘स्टेर्क्ते’ म्हटलं तर तो दारातून परत फिरायचा.

‘हाउ आर यू’ला इंग्रज उत्तराची वाट बघत नाही. डच बघतो. म्हणून उत्तरं तयार ठेवावीत. ‘मला तक्रार करायची परवानगी नाही’ हे एक. डच माणसाच्या तोंडी हे म्हणजे आनंदाचा उद्रेक. ‘द्रुक, द्रुक, द्रुक’ हे दुसरं: कामात आहे, कामात आहे, कामात आहे. आणि ‘हेत खात झेन खांगच्ये’, म्हणजे आपल्या चालीनं चाललंय. मराठी माणसाला हे वेगळं शिकवायला लागत नाही. ‘काय चाललंय?’ ‘चाललंय.’ झालं! उत्तरेकडच्या ग्रोनिंगनमध्ये तर कौतुकाचा कळस म्हणजे ‘कोन मिंडर’: याहून कमी असू शकलं असतं. मुलगी डॉक्टर झाली, कोन मिंडर. घाटावरच्या एखाद्या आजोबांना ग्रोनिंगनला नेऊन बसवलं तर भाषा न येताही त्यांचं जमेल. नातवाला पंच्याण्णव टक्के मिळाल्यावर ‘बरे आहेत’ म्हणणारा माणूस तिथे उपरा वाटायचा नाही.

इंग्रज निरोप घेताना ‘एकदा जेवायला भेटू या’ म्हणतो. त्याचा अर्थ ‘आता जाऊ दे मला’ असा असतो हे सगळ्या इंग्रजांना माहीत आहे. डचमध्ये हे वाक्य उतरवलंत की समोरचा खिशातून फोन काढतो, कॅलेंडर उघडतो आणि विचारतो, ‘कधी?’ मग तीन आठवड्यांनंतरचा गुरुवार निघतो, साडेसहा ते साडेआठ. आपल्याकडचं ‘या एकदा घरी’ इंग्रजांच्या जातीचं. ते डचमध्ये नेऊ नये. नेलं तर गुरुवारी साडेसहाला बेल वाजेल.

साडेसहावरून आठवलं. डचमध्ये अडीचला म्हणतात ‘हाल्फ द्री’, म्हणजे अर्धा-तीन. इंग्रज ‘हाफ थ्री’ म्हणतो तेव्हा त्याला साडेतीन म्हणायचं असतं. या दोघांच्या व्यवहारात आजवर किती माणसं एक तास पावसात उभी राहिली असतील कोण जाणे. आपला ‘अडीच’ मात्र मुळात संस्कृत ‘अर्धतृतीय’, तिसरा अर्धा. हुबेहूब ‘हाल्फ द्री’. आकडेही तसेच: पंचवीसला डच ‘पाच-आणि-वीस’ म्हणतो, आधी सुटे मग दशक, आपल्यासारखं. इंग्रज आणि अमेरिकन विद्यार्थी फोन नंबर लिहून घेताना घामाघूम होतात. लहानपणी पाढ्यांसाठी आपण जो मार खाल्ला, तो असा परदेशी चलनात वसूल होतो.

म्हणींकडे वळलं की देशाचा भूगोल उघडा पडतो. इंग्रज बैलाची शिंगं धरतो, डच गाईची धरतो. दुभत्या जनावरांचा देश आहे, बैल कोण शोधत बसणार? इंग्रज एका दगडात दोन पक्षी मारतो, आपणही; डच माणूस एका फटक्यात दोन माश्या मारून समाधानी होतो. इंग्रजाच्या पावसात कुत्री-मांजरं पडतात, आपल्याकडे मुसळं, डचांकडे चिलमीच्या लांब नळ्या. खाउडा हे गाव चीजइतकंच मातीच्या चिलमींसाठी प्रसिद्ध होतं. इंग्रज ‘मोल’ या प्राण्यानं उकरलेल्या ढिगाचा डोंगर करतो, आपण राईचा पर्वत करतो. डच बिचारा डोंगर आणणार कुठून? युरोपातल्या नेदरलँड्सचा सर्वोच्च ‘डोंगर’, फाल्सरबर्ख, समुद्रसपाटीपासून ३२२ मीटर आहे. आमचा पुण्याचा लक्ष्मी रोड त्याहून उंचावर आहे. म्हणून डच माणूस डासाचा हत्ती करतो. हत्तीही त्यांच्याकडे नाही, पण तो निदान बोटीतून आणता येतो.

इंग्रजाच्या डोक्यात प्रकाश पडतो तेव्हा ‘पेनी पडते’. डचांचं ‘क्वार्चे’ पडतं, म्हणजे पावली. २००२ साली युरोच्या नोटा-नाणी आली आणि गुल्डनबरोबर ती पावली गेली, पण डोक्यात मात्र अजून जुन्याच चलनात पडते. आपली पावली, म्हणजे पंचवीस पैसे, २०११ मध्ये बंद झाली. पण आपण ती पाडत नव्हतोच. आपल्याकडे माणूस थेट ‘पावली कम’ असतो.

उलट्या दिशेनंही वाहतूक चालते. दुसऱ्या महायुद्धात डच सरकार लंडनला आश्रयाला होतं. पंतप्रधान खेरब्रांडी चर्चिलना भेटायला गेले आणि ‘खुडेन दाख’ या डच नमस्काराचं शब्दशः इंग्रजी करून ‘गुड बाय’ म्हणाले. चर्चिल म्हणे म्हणाले, ‘सगळ्या बैठका इतक्या आटोपशीर झाल्या तर किती बरं होईल.’ दुसरी आख्यायिका पुढे नाटोचे सरचिटणीस झालेल्या योसेफ लुन्स यांची. केनेडींनी त्यांना छंद विचारला. डचमध्ये घोड्यांची पैदास करण्याला ‘फॉकन’ म्हणतात. लुन्स म्हणाले, ‘आय फॉक हॉर्सेस.’ केनेडी दचकून, ‘पार्डन?’ लुन्स खूश होऊन, ‘येस, पार्डेन!’ कारण पार्डेन म्हणजे घोडे. किस्से खरे असोत वा रचलेले, डच माणूस ते स्वतःच रंगवून सांगतो. स्वतःच्या इंग्रजीला स्वतःच हसणारा समाज मला फार निरोगी वाटतो.

निरोगी म्हटलं खरं, पण शिव्यांचं काय करायचं? इंग्रजी शिव्या शरीराच्या ठरावीक भागांभोवती किंवा देवाधर्माभोवती फिरतात. त्या डचमध्ये नेल्या तर सपक लागतात, कारण डच शिवी वैद्यकीय असते. टायफस, क्षय, कॉलरा, देवी, प्लेग. ‘चालता हो’ला क्रियापदच ‘ओपटीफन’, म्हणजे टायफस होऊन नीघ. हवा वाईट असेल तर ती ‘देवीची हवा’. कर्करोगाचाही वापर करतात, तो मात्र हलकटपणा आहे आणि पुष्कळ डच लोकही तसंच मानतात. वर्गातल्या इतर देशांच्या मंडळींना हा प्रकार विचित्र वाटतो. आपल्याला आजी आठवते. ‘मेल्या, पटकी आली तुला’ असं ओट्यावरून ओरडणारी आजी शुद्ध डचच बोलत होती. पटकी म्हणजे कॉलरा. पाणी सगळीकडे आणि रोगराई पाठीला, अशा दोन मुलखांनी स्वतंत्रपणे लावलेला हा शोध आहे.

आता शेवटचा आणि सगळ्यात नाजूक गट: ज्या इंग्रजी वाक्यांत खुद्द डचच बसलेले आहेत ती वाक्यं. १६५२ ते १६७४ या काळात इंग्रज आणि डच तीनदा समुद्रावर लढले. १६६७ मध्ये डच आरमार थेट इंग्लंडच्या मेडवे नदीत घुसलं, इंग्रजांची ‘रॉयल चार्ल्स’ ही नौका दोरी लावून घरी घेऊन गेलं, आणि तिच्या पिछाडीचं कोरीवकाम आजही अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये लावलेलं आहे. इंग्रजांनी सूड उगवला तो भाषेतून. दारूतून आलेलं धैर्य म्हणजे ‘डच करेज’. न कळणारी बडबड म्हणजे ‘डबल डच’. आपापलं बिल आपण भरणं म्हणजे ‘गो डच’. ही वाक्यं डचमध्ये कशी सांगणार? पहिल्याला ते ‘धैर्य पिऊन घेणे’ म्हणतात, स्वतःचं नाव गाळून. न कळणाऱ्या भाषेला ‘चिनी’ म्हणून मोकळे होतात. म्हणजे आपल्या नावची पावती पुढच्याच्या नावावर फाडली. आणि ‘गो डच’ला त्यांच्याकडे ‘ज्याचं त्यानं द्यायचं’ एवढं साधं वाक्य आहे. त्याला वेगळं नाव ठेवण्याइतकं विशेष त्यात काय, हेच त्यांना कळत नाही. आपल्याला कळतं. म्हणून तर आपण ‘टीटीएमएम’ अशी आद्याक्षरं पाडली: तुझं तू, माझं मी. पण आपलं टीटीएमएम कॉलेजच्या कँटीनपुरतं. लग्न झालं की तोच माणूस हॉटेलच्या गल्ल्यापाशी ‘मी देतो, मी देतो’ म्हणून व्याह्याचा हात पिरगाळतो.

इथे २०१६ पासून एबीएन अॅम्रो बँकेनं काढलेलं एक अॅप आहे, टिक्की. टिक्की म्हणजे हलकेच मारलेली टपली. ज्यानं सगळ्यांचे पैसे भरले, तो बाकीच्यांना फोनवर दुवा पाठवतो आणि आपापला वाटा गोळा करतो. रक्कम दीड युरोचीही असू शकते. नव्यानं आलेल्या एका पुणेकर जोडप्याला शेजारणीनं कॉफीला नेलं आणि निघताना गोड हसून सांगितलं, ‘रात्री टिक्की पाठवते हं.’ जोडप्यानं त्या रात्री स्वयंपाक केला नाही. किती प्रेमळ लोक आहेत, आल्या आल्या बटाट्याची टिक्की पाठवतात! साडेनऊला फोन वाजला: दोन कॉफी, एक सफरचंदाचा केक, अकरा युरो चाळीस.

तेव्हा इकडे येणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा. टिक्की आली की त्याच रात्री भरा, ‘असू दे हो, पुढच्या वेळी बघू’ हे वाक्य डचमध्ये न्यायचा प्रयत्न करू नका, आणि जेवून झोपा.